राजगुरूंना १४ फेब्रुवारीला फाशी झाली नव्हती

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की तो मजकूर फिरायला लागतो. तीन फोटो, मागे तिरंगा आणि खाली ओळी: १४ फेब्रुवारी १९३१ च्या पहाटे भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना लाहोरला फाशी दिली, ही तारीख आपल्यापासून लपवली गेली, त्यांच्यासाठी कुणी ब्र काढला नाही, आणि आजची पोरं त्याच दिवशी गुलाब वाटत फिरतात. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सातच्या आत चौघांनी तो टाकला होता. चौघंही भली माणसं आहेत. हुतात्म्यांबद्दलचा त्यांचा आदर अस्सल आहे, म्हणून तर हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी तारीख. फाशी झाली २३ मार्च १९३१ रोजी, सोमवारी, लाहोर सेंट्रल जेलमध्ये, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. पहाटे नाही, आणि त्या संध्याकाळीच सगळं आहे. फाशी पहाटे देण्याचा तुरुंगांचा रिवाज. या तिघांसाठी ठरलेला दिवस होता २४ मार्च. सरकारनं स्वतःचाच रिवाज मोडला आणि आदल्या संध्याकाळी काम उरकलं, कारण सकाळ होईपर्यंत तुरुंगाबाहेर किती लोक जमतील याची त्यांना धास्ती होती. त्या दिवशी दुपारी चारलाच कैद्यांना आपापल्या कोठड्यांत जायला सांगितलं गेलं, तेव्हा काय होणार ते आत सगळ्यांना कळून चुकलं. मृतदेह घरच्यांच्या हाती दिले नाहीत. तुरुंगाच्या मागच्या बाजूनं गुपचूप बाहेर काढले, रातोरात फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी नेले आणि घाईघाईत जाळले. एवढं मोठं साम्राज्य बावीस-तेवीस वर्षांच्या तीन मुलांच्या प्रेतांना घाबरलं होतं. ‘१४ फेब्रुवारीची पहाट’ असं लिहिलं की ही सगळी भीती, ही लपवाछपवी पुसून जाते. तारखेची चूक मला क्षुल्लक वाटत नाही ती यासाठी.

कुणी चूक दाखवली की मजकुराची दुसरी आवृत्ती पुढे येते: बरं, फाशी नाही, पण शिक्षा तर १४ फेब्रुवारीला सुनावली ना? नाही. शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० ला. ती कशी सुनावली, हे खरं तर घरोघर सांगायला हवं. नेहमीच्या न्यायालयात, लाहोरचा पोलीस अधिकारी साँडर्स याच्या हत्येचा खटला रखडतोय असं दिसल्यावर व्हाइसरॉय आयर्विननं १ मे १९३० ला वटहुकूम काढला आणि तीन न्यायाधीशांचं खास न्यायमंडळ नेमलं. आरोपी हजर नसले तरी खटला चालवायची मुभा दिली. हायकोर्टात अपिलाची वाटच बंद केली. मे महिन्यातच भर कोर्टात आरोपींना पोलिसांनी मारहाण केली. न्यायमंडळातले एक न्यायाधीश आगा हैदर यांनी आरोपींना कोर्टातून हलवण्याच्या अध्यक्षांच्या आदेशाशी आपला संबंध नाही असं नोंदवलं. पुढच्याच महिन्यात न्यायमंडळ नव्यानं नेमलं गेलं आणि त्यात आगा हैदर नव्हते. आरोपींनी कोर्टात जाणं सोडलं होतं, त्यामुळे फाशीचा निकाल त्यांना तुरुंगातच कळवला गेला.

मग १४ फेब्रुवारी आली कुठून? त्या दिवशी एक गोष्ट घडली होती, आणि ती मजकुराच्या अगदी उलट आहे. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, अपील फेटाळल्यावर पंडित मदनमोहन मालवीय यांनी १४ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉयकडे अर्ज केला, की माणुसकीच्या नात्यानं ही फाशी रद्द करून दुसरी शिक्षा द्यावी. म्हणजे ‘कुणी ब्र काढला नाही’ या आरोपालाही तीच तारीख उत्तर देते. प्रयत्न पुरेसे झाले का, यावर वाद घाला, जरूर घाला. पण कुणी काहीच केलं नाही, हे खोटं आहे.

आणि ते तिघं? १४ फेब्रुवारीनंतर चौतीस दिवसांनी, २० मार्चला, तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. तुमच्याच कोर्टानं आमच्यावर सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा ठपका ठेवलाय, तेव्हा आम्ही युद्धकैदी आहोत. फासावर लटकवू नका, सैन्याची तुकडी पाठवून गोळ्या घाला, अशी त्यांची मागणी होती. हे पत्र एकदा पूर्ण वाचा. त्यात विनवणीचा एक शब्द सापडणार नाही.

तारीख लपवली म्हणावं, तर २३ मार्च हा शहीद दिन म्हणून देशभर पाळला जातो आणि शाळेच्या पुस्तकांतही आहे. उलट ज्यांना १४ फेब्रुवारीला शोक करायचा आहे त्यांच्यासाठी २०१९ चा पुलवामा आहे. त्या जवानांचा दिवस त्यांचाच राहू द्या.

एक बोच मात्र आपली, मराठी माणसांची आहे. राजगुरू आपल्या ओठांवर कायम ‘भगतसिंग आणि’ याच्या मागून येतात. शिवराम हरी राजगुरू, जन्म २४ ऑगस्ट १९०८, गाव भीमाकाठचं खेड. संस्कृत शिकायला काशीला गेले आणि तिथून क्रांतिकारकांत सामील झाले. पक्षातलं नाव रघुनाथ. लाला लजपतराय यांच्यावरच्या लाठीमाराचा सूड म्हणून १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती त्यांनी. पोलिसांचा छळ आपल्याला सोसवेल का, हे पाहायला त्यांनी तापलेला चिमटा स्वतःच्या छातीला लावून घेतला होता, असं सहकाऱ्यांनी आठवणींत सांगितलंय. पकडले गेले ते पुण्यात, सप्टेंबर १९२९ मध्ये. फाशीच्या वेळी वय बावीस. ज्या वयाच्या पोरांना हा मजकूर शिव्या घालतो, त्याच वयाचे.

पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना एसटीच्या पाटीवर ‘राजगुरुनगर’ असतं आणि कंडक्टर सवयीनं ‘खेड, खेड’ असं ओरडतो. तिथं राजगुरूंचा वाडा जपून ठेवलाय, स्टँडवर उतरून बघून या.

ग्रुपवर मी त्या चौघांना एवढंच लिहिलं: २३ मार्च १९३१, सोमवार, संध्याकाळी साडेसात, लाहोर. चौघांपैकी एका काकांनी आपला मजकूर काढून टाकला आणि खाली विचारलं, ‘ते गव्हर्नरला लिहिलेलं पत्र मराठीत मिळेल का?’ आज रात्री टाइप करून पाठवतोय.