सोड्याचा ढेकर ही तपासणी नव्हे

कोल्हापुरात तालमीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पोटातलं आम्ल खाण्याचा सोडा पिऊन घरीच तपासता येतं, एच. पायलोरीला (जठरात व्रण करणाऱ्या जंतूला) रक्ताची तपासणी पुरते, सोनोग्राफी नॉर्मल आली की पोट ठणठणीत, आणि एंडोस्कोपीनं (तोंडातून दुर्बीण घालून जठर बघण्यानं) कॅन्सर पसरतो. आमच्या आत्तींनी तो वाचून ठरलेली एंडोस्कोपी रद्द केली, पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी सोडली आणि उपाशीपोटी लिंबूपाणी सुरू केलं. तेही शौचाला काळं होत असताना. आता गप्प बसवत नाही.

आधी सोड्याचं बघू. मेसेज सांगतो, सकाळी पाव चमचा खाण्याचा सोडा पाण्यातून घ्यायचा. तीन मिनिटांत ढेकर आला नाही तर आम्ल कमी, म्हणून गोळ्या बंद करून लिंबू-व्हिनेगर घ्यायचं! सोडा आम्लात पडला की कार्बन डायऑक्साइड होतो, एवढंच यात खरं. तो वर कधी येणार हे अन्ननलिकेच्या खालच्या झडपेवर, पाणी किती घाईनं प्यायलं आणि सोबत किती हवा गिळली यावर ठरतं. एकाच माणसाला आज मिनिटात ढेकर येईल, उद्या पाच मिनिटांनी. आम्ल अन्ननलिकेत किती चढतं हे खरंच बघायचं, तर नाकातून बारीक नळी घालून 24 तास पीएच, म्हणजे आम्लाचं प्रमाण, नोंदवावं लागतं. शिवाय पाव चमचा सोड्यातून सुमारे 300 मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं. बीपी, किडनी किंवा हृदयाच्या रुग्णानं हे रोज करणं घातकच.

आणि व्रण असताना आम्ल कमी करणारी गोळी मध्येच बंद केली तर रक्तस्राव वाढू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, मान्य. पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर ते रक्त समजायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तर सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग.

सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे, यकृत दिसतं. जठरातला व्रण सहसा दिसत नाही, कारण आतली हवा ध्वनिलहरी अडवते. कॅन्सर पसरण्याचं तर सोडूनच द्या. एंडोस्कोपीत चिमट्यानं काही मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि त्याशिवाय जठराच्या कॅन्सरचं निदान पक्कं होत नाही.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो: पित्त झालं की प्रत्येकाला एंडोस्कोपी लागत नाही. वय कमी असेल, वजन घटत नसेल, गिळताना अडकत नसेल, रक्त कमी नसेल, तर आधी एच. पायलोरी तपासणं योग्यच.

पण रक्तातून नव्हे. जंतू मेल्यावरही त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी रक्तात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. त्यामुळे जंतू आज आहे की पूर्वी होता, ते कळत नाही. त्यासाठी श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातली अँटीजेन (जंतूचे अंश शोधणारी) चाचणी. एच. पायलोरीवरच्या मास्ट्रिक्ट-फ्लॉरेन्स नावाच्या 2022 च्या तज्ज्ञ-सहमतीत या चाचण्यांची तयारी स्पष्ट दिली आहे: पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या 14 दिवस आधी बंद, अँटिबायोटिक आणि बिस्मथ (पोटाचं एक औषध) 4 आठवडे. गोळी चालू ठेवली तर जंतू दबून राहतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवायची. रक्तस्रावाची शंका असेल तर मुळीच नाही, तिथे एंडोस्कोपीच. उपचार झाल्यावर जंतू गेला का, हे पाहायची तपासणीही कोर्स संपून किमान 4 आठवडे झाल्यावरच करायची.