वडीलधाऱ्यांवर खेळ लादल्याच्या आरोपाला उत्तर

दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांसोबत खेळून पाहण्याजोग्या नव्या बैठ्या खेळांवर मी लेख लिहिला होता. त्याखाली ‘एक जुना वाचक’ एवढीच ओळख देऊन एक दीर्घ प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय असा : हे खेळ महाग आहेत, ते इंग्रजीत आहेत आणि घरात पत्ते, कॅरम, सापशिडी असताना परदेशी खोकी आणण्याचे काही कारण नाही. यानंतर जे वाक्य येते ते मी जसेच्या तसे देते : “सत्तरी ओलांडलेल्या माणसांना दुपारी झोपेतून उठवून नियमांची पोथी ऐकवायची आणि त्याला कौटुंबिक आनंद म्हणायचे, हे आपली हौस वडीलधाऱ्यांवर लादणे आहे, ती बिचारी तुमचे मन राखायला बसतात.”

मतभेद मला नवे नाहीत. शाळेत शिकवत असताना पालकसभांतून याहून कडक शब्द ऐकले आहेत आणि त्यांना उत्तरेही दिली आहेत. पण ते पालक समोर उभे राहून, आपले नाव सांगून बोलत असत. आपण नाव न सांगता, माझ्या माहेरच्या उंबरठ्याच्या आत कधी पाऊलही न टाकता, तिथे कोण मनापासून खेळते आणि कोण मन राखायला बसते याचा निवाडा करून मोकळे झालात. लेख आवडला नाही, खेळांची निवड पटली नाही, एवढेच आपण लिहिले असते तर मी दोन ओळींत आभार मानून थांबले असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मी स्वतःच्या करमणुकीसाठी वेठीस धरते, हे मात्र मी निमूटपणे ऐकून घेणार नाही.

किमतीबद्दलचे आपले म्हणणे खरे आहे आणि ते मी आधीच मान्य करते. बाहेरून येणाऱ्या चांगल्या खेळाला काही हजार रुपये पडतात, आणि तेवढ्या पैशांत पत्त्यांचे कितीतरी कॅट येतात. आम्ही भावंडे वर्गणी काढून खेळ घेतो. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी घेऊ नये; मी कुणाला कर्ज काढून खेळ घ्यायला सांगितलेले नाही.

आता त्या वाक्याकडे येते.

माझे माहेर कराडचे. लक्ष्मीपूजन आटोपले की भाऊबीजेपर्यंत आमच्या माजघरात सतरंजी पसरलेली असे आणि तिच्यावर मेंढीकोटाचा डाव रंगलेला असे. चार भिडू ठरलेले, त्यांचे पाठीराखे ठरलेले, कुणी कधी हुकूम उघडायला लावायचा आणि कुणाच्या हातात दश्शी अडकली असेल याचे अंदाजही वर्षानुवर्षांच्या सरावाने ठरलेले. थोरले काका या डावाचे राजे होते. आणि थोरल्या काकू? त्या चहा घेऊन येत, रिकाम्या कपबशा उचलून नेत, आणि एखादा हात कमी पडला तरच त्यांना बसायला सांगितले जाई. एकदा त्या अशाच बसल्या असताना त्यांनी नको तिथे हुकूम मारला, त्यांच्या पक्षावर कोट झाला, आणि काकांनी सर्वांदेखत ‘स्वयंपाकघरातच बरी होतीस’ असे म्हटले. सगळे हसले. मी तेव्हा शाळेत होते आणि मीही हसले. त्यानंतर काकू त्या सतरंजीवर बसल्याचे मला आठवत नाही.

आपल्या प्रतिक्रियेत पत्त्यांच्या डावाचे जे गोडवे गायले आहेत ते मला मान्य आहेत, कारण मी त्याच डावांच्या आवाजात वाढले. पण तो डाव सर्वांचा नव्हता. जुन्या खेळात घरातल्या प्रत्येकाची जागा आधीच ठरून गेलेली असते : कोण जिंकणार, कोण चुकणार, कुणाच्या चुकीवर हसायचे आणि कुणाच्या चुकीकडे काणाडोळा करायचा. ज्याला कुणी कधी नीट शिकवलेच नाही त्याला ‘तुला येत नाही’ असे सांगून बाजूला बसवणे फार सोपे असते, आणि आपल्याकडे त्या बाजूला बसणाऱ्यांत बहुतेक बायकाच असत. नव्या खेळाचे खोके उघडले जाते तेव्हा काका आणि काकू दोघेही तितकेच अडाणी असतात. नवे खेळ घरी नेण्यामागे माझे हे एकमेव कारण आहे, लेखातही मी ते लिहिले होते, आणि आपण नेमका तोच परिच्छेद वगळून उत्तर दिले आहे.

लेखात सुचवलेल्या खेळांपैकी अझुलचे उदाहरण घेते, कारण आपण त्याला ‘रंगीत चकत्यांचा पोरखेळ’ म्हटले आहे. मिखाएल कीझलिंग यांनी रचलेला हा खेळ २०१७ सालचा, आणि त्याची कल्पना पोर्तुगालमधल्या भिंतींवरच्या चकाकत्या रंगीत फरश्यांवरून घेतलेली आहे. पाच रंग, प्रत्येक रंगाच्या वीस, अशा एकूण शंभर फरश्या असतात. चौघे खेळत असतील तर मध्ये नऊ तबकड्या मांडतात आणि प्रत्येकीवर चार फरश्या ठेवतात. आपल्या पाळीला एका तबकडीवरच्या कोणत्याही एका रंगाच्या सर्व फरश्या उचलायच्या आणि उरलेल्या मध्यभागी सरकवायच्या, किंवा मध्यभागातल्या एका रंगाच्या सर्व घ्यायच्या. पण उचललेल्या सर्व आपल्या पाटीवरच्या एकाच ओळीत बसवाव्या लागतात, आणि ज्या मावत नाहीत त्या तळाच्या पट्टीवर जाऊन गुण कमी करतात. फरश्यांवर एकही अक्षर नाही. खेळ पाऊण तासात संपतो.

गेल्या दिवाळीत एका फेरीच्या शेवटी मध्यभागी दोन लाल आणि पाच निळ्या फरश्या उरल्या होत्या. पाळी थोरल्या काकूंची होती आणि त्यांच्यानंतर माझ्या चुलतभावाची. काकूंना निळ्याची गरज होती, हे त्यांच्या पाटीवरून आम्हा सर्वांना दिसत होते. त्यांनी चष्मा वर सरकवला, स्वतःच्या पाटीकडे न पाहता भावाच्या पाटीकडे क्षणभर पाहिले आणि दोन लाल उचलल्या. भावाला नाइलाजाने पाचही निळ्या घ्याव्या लागल्या. त्याच्याकडे निळ्यासाठी एकच घर रिकामे होते. एक बसली, चार तळाला गेल्या आणि त्याचे सहा गुण कापले गेले. ‘काकू, तुम्हाला तर निळी हवी होती!’ असे तो ओरडला, तेव्हा काकू म्हणाल्या, ‘मला पाच हव्या नव्हत्या, आणि तुला तर एकच हवी होती.’ थोरले काका शेजारीच बसले होते. त्यांनी काकूंना ती चाल पुन्हा समजावून सांगायला लावली.

हे मन राखायला बसलेल्या माणसाचे खेळणे आहे, असे आपल्याला वाटत असेल तर मला पुढे बोलण्यात अर्थ दिसत नाही. जी बाई दुसऱ्याची पाटी वाचते, स्वतःचा फायदा सोडून समोरच्याचे नुकसान किती होईल याचा हिशेब मांडते आणि तो बरोबर आला म्हणून खुलते, ती कुणावर उपकार करत नसते. ती खेळत असते. सत्तरीनंतर माणसाची बुद्धी शिकायची थांबते, असे आपल्याला सरळ म्हणायचे असेल तर तसे म्हणावे. वडीलधाऱ्यांच्या कळवळ्याआडून तेच म्हणू नये. त्यांना ‘आता कशाला त्रास’ असे म्हणून पाटावरून उठवणारी माणसे मी जन्मभर पाहिली आहेत, आणि त्या प्रेमळ बोलण्याने किती माणसे अकाली म्हातारी झाली तेही पाहिले आहे.

‘नियमांची पोथी’ हाही आपला शब्दप्रयोग मला लागला, कारण शिकवणे हा माझा व्यवसाय होता. मी कधीही नियमपुस्तिका वाचून दाखवत नाही, आणि तसे करू नये असे लेखात स्पष्ट लिहिले होते. जिंकायचे कसे हे आधी सांगावे. मग एका पाळीत काय काय करता येते तेवढेच सांगून खेळ सुरू करावा. पहिली फेरी सर्वांनी पाने किंवा पाट्या उघड्या ठेवून, एकमेकांना विचारत खेळावी आणि तिचे गुण धरू नयेत. गुणांचे बारकावे पहिली मोजणी येईल तेव्हा दाखवावेत. पाचवीतल्या मुलांना अपूर्णांक ज्या क्रमाने शिकवले त्याच क्रमाने मी घरात खेळ शिकवते, आणि जे खेळ अशा रीतीने शिकवता येत नाहीत ते दिवाळीत बाहेर काढत नाही. मी सुचवलेल्या चारही खेळांना जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार मिळालेला आहे : कॅटनला १९९५ मध्ये, टिकेट टू राइडला २००४ मध्ये, कोडनेम्सला २०१६ मध्ये आणि अझुलला २०१८ मध्ये. १९७९ पासून दिला जाणारा हा पुरस्कार घरच्यांनी मिळून खेळायच्या खेळांसाठी आहे, आणि निवड करताना नियम किती सुबोध आहेत हेही पाहिले जाते. मी ही नावे डोळे मिटून काढलेली नव्हती.

आणि लादण्याबद्दल. कॅटनमध्ये विटा, लाकूड, धान्य अशा मालाची इतरांशी देवाणघेवाण करावी लागते. थोरल्या काकूंनी तो खेळ अर्ध्यावर असतानाच सांगितले, ‘मला सारखे कुणापुढे हात पसरून मागायचे नाही, हा खेळ मला नको.’ खेळ आवरला गेला आणि त्यांच्यासमोर पुन्हा मांडला गेला नाही. थोरल्या काकांना अझुल बेताचेच आवडते. त्यांची सारी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे टिकेट टू राइडचा १९११ सालच्या भारतातल्या रेल्वेमार्गांवर बेतलेला नकाशा पसरला की ते जेवणाच्या हाकाही ऐकत नाहीत. माझ्या आईला यातले काहीच आवडत नाही. ती फराळाची ताटली घेऊन शेजारी बसते आणि सर्वांना चुकीचे सल्ले देते. आमच्याकडची म्हातारी माणसे स्वच्छ शब्दांत नाही म्हणतात. आपल्या ओळखीची म्हणत नसतील तर त्याचे कारण आपण त्यांच्याशी बोलून शोधावे, माझ्या लेखात शोधू नये.

दुपारच्या झोपेचा प्रश्न तर उद्भवतच नाही. रात्रीची जेवणे आणि झाकपाक झाल्यावर, सर्व बायका मोकळ्या झाल्यावरच खेळ मांडावा, असे मी लिहिले होते. ते वाक्य आपण वाचले असते तर दुपारचा उल्लेख आला नसता.

राहिले इंग्रजी. अझुलवर अक्षरच नाही, हे वर सांगितले. कोडनेम्स शब्दांवर चालतो, पण पंचवीस चिठ्ठ्या, त्यांवर आपले पंचवीस शब्द, आणि एका संघाचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात तटस्थ आणि एक घातक अशी गुप्त आखणी, एवढे घरी करता येते. आमच्या चिठ्ठ्या भाचीने मराठीत लिहिल्या आहेत. आखणी पाहिलेल्या भिडूने आपल्या संघाकडून आपले शब्द ओळखून घ्यायचे असतात, आणि त्यासाठी खुणेचा एक शब्द आणि किती शब्द ओळखायचे तो एक आकडा एवढेच बोलायला परवानगी असते. धाकट्या काकांनी ‘वारी, तीन’ अशी खूण दिली तेव्हा ‘तुळस’ आणि ‘रिंगण’ लगेच सापडले, आणि तिसरा शब्द ‘वीट’ आहे हे आईने ओळखणाऱ्या भिडूंच्या आधी शेजारून सांगून टाकले, त्यामुळे ती खूण बाद करावी लागली. यात इंग्रजीची अडचण कुठे आली?

पत्ते आणि सापशिडी ‘आपली’ आणि हे खेळ ‘परके’, या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. बदाम, इस्पिक, किलवर, चौकट असलेला बावन्न पानांचा कॅट युरोपातून आला. त्याच्याही आधी गंजिफा इराणकडून मुघलांबरोबर आला, आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी त्याच्या एकशेवीस पानांवर दशावतार रंगवले. लहानपणी आपण सर्वांनी ज्याच्या नोटा मोजल्या तो व्यापार अमेरिकेत १९३५ मध्ये बाजारात आलेल्या मोनोपॉलीचीच नक्कल आहे. या प्रत्येक खेळाचा पहिला डाव कुणाच्या तरी घरात, कुणीतरी नियम समजावून सांगत, मांडला गेला होता. त्या घरातही ‘हे कशाला आणले’ असे म्हणणारे कुणी असेलच.

‘खऱ्या आपलेपणाला खेळाची गरज नसते’ या आपल्या शेवटच्या ओळीवर मला काही म्हणायचे नाही. आपल्या घरी तशी गरज भासत नसेल तर चांगलेच आहे.

मराठी शब्दांच्या चिठ्ठ्यांची यादी पुष्कळ वाचकांनी मागितली आहे. भाचीची परीक्षा संपली की ती नीट टंकून इथे देईन. आपणही ती जरूर घ्यावी. पुढची प्रतिक्रिया मात्र नावानिशी लिहावी, कारण निनावी माणसाला थोरल्या काकूंच्या खेळण्याबद्दल उत्तर देण्याची ही माझी शेवटची वेळ आहे.