आपलीच येणार आता

आमच्या घरात भेंडी विकत आणायला बंदी आहे. वांगी, टोमॅटो, दोडका, मेथी, कोथिंबीर यांच्यावरपण आहे. ही बंदी आमच्या ह्यांनी मे महिन्यात घातली आणि कारण काय, तर "आपलीच येणार आता." त्यावेळी घरामागच्या परड्यात काय होतं म्हणाल, तर लाल माती, जांभ्याचे धोंडे आणि कान तुटलेला एक निळा टब. बी अजून दुकानात होतं. पण बंदी त्याच दिवसापासून लागू.

ह्या खुळाचं मूळ 2023 च्या जुलैत आहे. टोमॅटोनं तेव्हा किलोला शंभरी ओलांडली होती, देशभरच ओलांडली होती, आणि हे बँकेतून येऊन जेवायला बसले की आमटीतली टोमॅटोची फोड चमच्यात घेऊन तिच्याकडे बघत बसायचे. रिटायर झालो की बघ, एक टोमॅटो विकत आणणार नाही, असं तेव्हाच म्हणाले होते. मला वाटलं बोलायला काय जातंय, ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशाची बेरीज केली, ह्यांना खुरपं कुठल्या बाजूनं धरतात ते तरी माहिती आहे का. पण माणूस रिटायर होतोच, आणि झाल्यावर त्याला सकाळी दहा वाजता काहीतरी लागतंच.

आम्ही राहतो बेळगावात, हिंडलग्याच्या बाजूला. तिकडं शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात काळी जमीन, तिथं बासमती पिकायचा, नुसत्या वासानं माणूस जेवायचा. आमच्या वाट्याला तांबडी माती, पाऊस पडला की चिखल आणि ऊन पडलं की वीट. त्यावर उपाय म्हणून शेणखताची एक ट्रॉली सांगितली गेली. 20 बाय 30 च्या परड्याला एक ट्रॉली! ट्रॅक्टरवाल्यानं गेटसमोर ओतून टाकलं आणि गेला, मागं न्यायला वाट नाही, मग ते सगळं पाटीनं, घरातनं, हॉलमधनं, देवघराच्या शेजारनं मागं. मी फक्त एवढंच म्हणाले की स्कूटर आत अडकलीय, तर म्हणाले आता बाहेर जायचंच कशाला, भाजी तर घरातच येणार.

मृग लागला की पेरायचं असं ठरलं, म्हणून 7 जूनला सकाळी आंघोळ करून, नारळ फोडून बी टाकलं. मृग कोरडा गेला. बादलीनं पाणी घालून घालून कसंबसं कोंब वर आले, तोवर आर्द्रा लागलं आणि आमचं बेळगाव ज्याच्यासाठी प्रसिद्ध आहे तो पाऊस सुरू झाला. हा पाऊस पडून जाणाऱ्यातला नाही, हा राहायला येतो. वाफे वाहून शेजारच्या मास्तरांच्या कंपाऊंडात गेले. कोथिंबिरीचं काय झालं कुणालाच माहिती नाही, पण मेथी तिकडं गेली आणि तिकडं अशी काही फोफावली की बघायला माणसं यावीत. मास्तरांच्या बायको सज्जन, हुबळीकडच्या, एक जुडी घेऊन दारात आल्या आणि हसून म्हणाल्या, "निम्म मेंत्ये पल्ले री." म्हणजे तुमचीच मेथी हो. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. घ्यावी तर शेजाऱ्याची, न घ्यावी तर आपलीच. शेवटी बी आपलं असल्यामुळं ती बंदीत बसत नाही असा निकाल लागला, आणि त्या हंगामात आम्ही मेथी खाल्ली ती तेवढीच.

पुन्हा पेरलं. ह्या वेळेला टोमॅटोची रोपं आणली ती साधी नव्हेत, अर्का रक्षक. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला बागायतीची संशोधन संस्था आहे त्यांनी काढलेलं वाण, पानं आकसणारा व्हायरस, मर आणि करपा असे तीन रोग त्याला बाधत नाहीत. हे मला इतक्यांदा सांगून झालंय की मी झोपेतपण सांगेन. तर अशा ह्या तीन-तीन रोगांना न घाबरणाऱ्या रोपांना पाऊस लागू नये म्हणून घरातल्या छत्र्या गेल्या. आधी जुन्या गेल्या, मग माझी, मग लेकीची फुलाफुलांची. आषाढातल्या त्या धो धो पावसात परड्यात टोमॅटो छत्रीखाली आणि मी प्लास्टिकची पिशवी डोक्यावर घेऊन गॅस सिलेंडरवाल्याला पैसे द्यायला गेटपर्यंत. शेजारपाजारचे बघायचे. काही बोलायचे नाहीत, पण बघायचे.

मग गोगलगाई आल्या. तुम्ही म्हणाल गोगलगाय ती काय, पोटात पाय घेऊन चालणारी. ही तसली नव्हे, ही मुठीएवढी, आफ्रिकन, 1847 साली कुणा इंग्रज साहेबानं कलकत्त्यात आणून सोडली म्हणे. तिथनं हिंडलग्यापर्यंत ती कशी आणि कुठल्या वाटेनं आली देव जाणे, पण आल्या आल्या तिनं आमचा कोवळा दोडका खाल्ला. त्याच्यावर कुणीतरी उपाय सांगितला की गुळाच्या पाण्यात पोती भिजवून रात्री वाफ्यात टाकायची, सगळ्या त्याखाली जमतात, सकाळी उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. उपाय चांगला आहे, लागू पडतो, माझी तक्रार गुळाबद्दल आहे. गणपतीच्या मोदकासाठी म्हणून चांगला पिवळाधमक गूळ आणून मी डब्यात ठेवला होता तो पोत्याला लागला. मग फवारणीला आंबट ताक गेलं. हिंगपण गेला. दशपर्णी अर्क म्हणून दहा झाडांचा पाला, शेण आणि गोमूत्र यांचं जे काही त्या निळ्या टबात महिनाभर कुजत होतं त्याच्याबद्दल मी इथं लिहीत नाही, एवढंच सांगते की लेकीला बघायला येणाऱ्या मंडळींना आम्ही "घरी नको, हॉटेलातच भेटूया, हल्ली तसंच असतं" असं कळवलं.

आणि ह्या सगळ्यात आम्ही खात काय होतो? मसूर. मटकी. हुलगे. पिठलं. पुन्हा मसूर. बाजारात गाडीवर हिरवीगार भेंडी दिसायची आणि मी तोंड फिरवून पुढं जायची. एकदा धीर करून म्हणाले, अहो, पावकिलो आणते, तर म्हणाले, "अगं आठ दिवस थांब, आपलीच येणार आता." ह्यांचे आठ दिवस म्हणजे काय असतात ते मला लग्नाआधी ह्यांनी घर बांधतो म्हणून सांगितलं होतं तेव्हापासून माहिती आहे.

म्हणून मी शनिवार धरला. शनिवारी मारुतीला जायचं, तिथनं गणपत गल्लीत, तिथं कडोलीची एक मावशी पाटी घेऊन बसते तिच्याकडनं गपचूप अर्धा किलो टोमॅटो आणि चार मिरच्या घ्यायच्या, त्यावर देवाचा नारळ, फुलं ठेवायची आणि यायचं. टोमॅटो आमटीत शिजून गेला की कुणाच्या वाफ्यातला ते त्याच्या आईलापण ओळखू येत नाही. एकदा ह्यांनी भुरका मारला आणि थांबले. म्हणाले, टोमॅटो लागतोय. मी म्हटलं आमसूल आहे. परत एक भुरका मारला, चांगलं आमसूल आहे म्हणाले, आणि जेवले. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

श्रावणाच्या तोंडावर पहिली भेंडी लागली. एक. तिला हळदकुंकू लागलं, तिचा फोटो रिटायर्ड लोकांच्या ग्रुपवर गेला, त्यावर एकवीस अंगठे आणि दोन नमस्कार आले. घरच्या भेंडीची गंमत अशी की ती रोज तीन-चारच येते. तीन भेंड्यांची भाजी होत नाही, आणि उद्यापर्यंत झाडावर ठेवावी तर जून होऊन काठी होते. मग आजच्या तीन फ्रीजमध्ये, उद्याच्या चार त्यांच्या शेजारी, असं साठवत साठवत भाजीपुरती जमेपर्यंत पहिल्या तीन सुकून वातीसारख्या झालेल्या. शिवाय फ्रीज उघडला की हे मोजायचे. हिशोब चुकला की विचारायचे. पुढं पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, ह्यांना वाटलं शेणखत जास्त झालं, मास्तरांनी सांगितलं हळद्या आहे, पांढरी माशी पसरवते, रोग आलेलं झाड उपटूनच टाकायचं. उपटताना ह्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मी आत जाऊन मसूर भिजत घातला.

दोडक्यानं मात्र वेगळीच परीक्षा बघितली. गोगलगायीतनं वाचलेले वेल मांडवावर गेले, माझ्या दोन कॉटनच्या साड्या फाडून तो मांडव बांधलेला, चांगल्या होत्या. पिवळी फुलं भरपूर, पण दोडका एकपण नाही. मोबाईलवर कळलं की आधी नुसती नर फुलं येतात, मादी फूल मागनं येतं, त्याच्या बुडाला बारीक दोडका असतो, आणि मधमाशी नाही आली तर माणसानं ते काम करायचं. झालं. लेकीचा मेकअपचा ब्रश घेऊन हे पहाटे उठून मांडवाखाली, आणि फुलं मिटलेली. दुसऱ्या दिवशी त्याच्याही आधी उठले, तरी मिटलेली. मग परत मास्तरांच्या बायकोनं कंपाऊंडवरनं सांगितलं, ओ सर, दोडका संध्याकाळी फुलतो. त्यानंतर रोज दिवेलागणीला, मी देवाजवळ शुभंकरोति म्हणतेय आणि हे बाहेर कपाळाला टॉर्च बांधून ह्या फुलातलं त्या फुलात, रस्त्यावरनं जाणारी पोरं थांबून बघताहेत. बँकेचे मॅनेजर होते हो. लोक लोन मागायला केबिनबाहेर बसून असायचे.

तर त्या ब्रशला यश आलं, आणि असं आलं की बंदच होईना. दोडक्याची भाजी, दोडक्याची भजी, शिरांची चटणी, डाळ-दोडका, भरला दोडका. पाहुण्यांना दोडका. पोस्टमनला दोडका. बाजारातपण तेव्हाच दोडक्याची रास लागलेली, कारण जे वातावरण आमच्या परड्यात असतं तेच तिकडं कडोलीच्या शिवारातपण असतं, ही गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. मास्तरांकडं दिवस मावळला की पुढचा दिवा बंद व्हायला लागला. ऋषीपंचमी आली तेव्हा हे ऐटीत म्हणाले, ह्या वर्षी ऋषीची भाजी पूर्ण आपल्या परड्यातली, बैलाच्या श्रमाचं ह्या दिवशी चालत नाही, आपल्याकडं बैल लागलेलाच नाही. खरं आहे. शेण मी वाहिलं, पाणी मी घातलं, तण मी काढलं. माझ्या श्रमाचं चालतं वाटतं.

टोमॅटोचं थोडक्यात सांगते कारण ते झालंच थोडक्यात. झाडं खरंच निरोगी, तिन्ही रोगांपैकी एकपण नाही, लाल लाल घोस लटकलेले. हे म्हणाले उद्या तोडूया. सकाळी सहाला वानरांची टोळी आली. प्रत्येक टोमॅटोचा एक घास घेऊन बाकीचा आमच्यावर. त्यांचं आवरून होईतोवर उरलेल्या मिरचीच्या रोपांवर दोन मोर उतरले, तर त्यांना हाकलायचीपण भीती, राष्ट्रीय पक्षी, उगाच केस व्हायची. हे काठी घेऊन लांबनंच "ओ, ओ" म्हणत राहिले.

आता राहिली वांगी. वांग्यावर ह्यांचा सगळा जीव होता. झाडं कमरेएवढी झाली, जांभळी फुलं आली, वांगी धरली, आणि तोडून आणलेलं पहिलं वांगं मी कापलं तर आत अळी. दुसऱ्यात अळी. वरनं बघाल तर तुकतुकीत, एक टाचणीएवढं भोक, आत सगळा संसार. मास्तरांच्या बायकोला दाखवलं तर त्या म्हणाल्या, "हुळ बिद्दाव नोड्री." म्हणजे किडे पडलेत बघा. ते दिसतच होतं. शेंडे खुडून जाळले, निंबोळी अर्क मारला, कामगंध सापळा टांगला, ज्यात नर पतंग येऊन अडकतात. पतंग अडकले. अळी आपल्या जागी.

आणि मग दसऱ्याच्या आधीच्या रविवारी हे परड्यातनं पाटी घेऊन आले. पाटीत किलोभर वांगी. लहान, काटेरी देठाची, भरून करायला असावीत अशी. मी एक कापलं, स्वच्छ. दुसरं कापलं, स्वच्छ. सगळी कापली, एका वांग्याला भोक नाही. हे मागं उभे, हाताला माती लावलेली, म्हणाले बघितलंस, निंबोळी अर्क. भरली वांगी केली, खोबरं, शेंगदाण्याचं कूट, काळा मसाला घालून, भाकरी केली, लेकीनं बोटं चाटली, ग्रुपवर फोटो गेला. मी पण मनापासून म्हटलं, अहो जमलं तुम्हाला.

पुढच्या शनिवारी मारुती करून गणपत गल्लीत गेले. मावशीच्या पाटीत तसलीच वांगी. तसलीच म्हणजे अगदी तसलीच.

"काय वैनी, वांगी न्हाई घेतलासा कधी? चांगली हाईत बघा. गेल्या रविवारी तुमच्या सायबानी न्हेली की किलोभर, सकाळी सकाळीच आल्ते. घरात कुणाला सांगू नगा म्हणाले." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

मी थोडा वेळ उभी राहिले. टोमॅटो घेतले, नेहमीचे अर्धा किलो, वर नारळ ठेवला.

"उद्या परत येणार आहेत काय गं?"

"येतो म्हणालेत."

"मग दे. पण किलोत दोन किडकी घाल. नाहीतर मला विश्वास ठेवायला लई जड जातंय."