दुपारी तीनची वेळ

आत्ताच घरी आलेय. चहासुद्धा टाकलेला नाही, आधी लिहायला बसलेय, कारण डोकं फिरलंय माझं.

आज इथे ब्राझीलमध्ये, पिरासिकाबाजवळ एका गावात जत्रा होती. रात्री मोठा सेर्तानेजू शो, म्हणजे गावाकडच्या गाण्यांतून निघालेल्या, आता लोकप्रिय झालेल्या संगीताचा. पोस्टरवर बैल, टोपी, लाल माती, शेताचं लाकडी फाटक. आणि खरोखर त्या मातीतला जो एकच माणूस गायला आला होता, त्या आमच्या शेजारच्या आजोबांना वेळ दिली दुपारी तीनची. भर उन्हात. ते व्हिओला, म्हणजे इथलं गिटारसारखं वाद्य, सुरात लावत होते. तिला दहा तारा असतात, जोडीजोडीने पाच ठिकाणी, लावायला वेळ लागतोच. तेवढ्यात निवेदकाने माईकवर त्यांच्या 'र'ची नक्कल सुरू केली. लोक हसले. दुसरं गाणं संपायच्या आत माईक बंद, का तर रात्रीच्या साउंडची टेस्टिंग करायची होती!

या भागातले लोक 'र' म्हणताना जीभ मागे वळवतात. शहरातले लोक त्यावरून कित्येक वर्षं हसत आलेत. अशा लोकांना इथे काइपीरा म्हणतात. काइपीरा म्हणजे साओ पावलो, मिनास, गोयास या राज्यांच्या आतल्या भागातला शेतावरचा माणूस. पण शहरी माणूस तो शब्द उच्चारतो तेव्हा आपल्या 'गावंढळ'चाच वास येतो त्याला.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो. नवऱ्याचं साखर कारखान्यातलं काम, मला भाषेचा एक शब्द येत नव्हता, लेक चार वर्षांचा. दुपार खायला उठायची. एकदा भिंतीपलीकडून तार छेडल्याचा आवाज आला आणि मी सरळ त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आजोबांनी काही विचारलं नाही. व्हिओला उचलून माझ्या कानापाशी नेली आणि हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. खुळखुळ्या सापाची शेपटी! आवाज गोड राहतो, दृष्ट लागत नाही, म्हणून जुने वादक ती आत टाकतात. मग त्यांनी फाटकावरच्या पोराचं गाणं म्हटलं, १९५५ सालचं. गुरांचा तांडा आला की एक पोरगा पळत येऊन फाटक उघडतो, गुराखी त्याला नाणं टाकतो. एका खेपेला गुराखी येतो तर फाटक बंद. पोराला बैलाने मारलेलं असतं. मला त्या दिवशी गोष्ट कळली नव्हती, तरी रडले. आजोबा लहानपणी स्वतः अशी फाटकं उघडायचे, हे पुढे भाषा आल्यावर कळलं.

व्हिओला लावायच्या एका पद्धतीला इथे 'सेबोलांव' म्हणतात, म्हणजे मोठा कांदा. ती ऐकून बायका कांदा चिरल्यासारख्या रडायच्या, असं सांगतात. माझा विश्वास आहे.

हे संगीत कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. १९२९ साली तियेते गावचा कोर्नेलियु पिरेस रेकॉर्ड कंपनीकडे गेला. ही गावरान गाणी कोण विकत घेणार, म्हणून त्यांनी हात वर केले. त्याने स्वतःचे पैसे घालून शेतकऱ्यांचे आवाज रेकॉर्ड केले, तबकड्या गाडीत घालून गावोगाव फिरला आणि विकल्या. १९५० साली ब्राझीलमधली शंभरातली चौसष्ट माणसं खेड्यात राहायची. वीस वर्षांत निम्म्याहून जास्त शहरात. जमिनी गेल्या, कामं गेली. शहरातल्या खोलीत उरला तो पहाटेचा रेडिओ आणि त्यावर दोन भावांचे एकमेकांना धरून चालणारे दोन आवाज. गायिका इनेझिता बारोझोबाईंनी १९८० पासून २०१५ मध्ये जाईपर्यंत, पस्तीस वर्षं, टीव्हीवर या व्हिओलावाल्यांना मानाने बसवलं. आणि आज? आज दुपारी तीनची वेळ.

राग याचा येतो की ज्यांना हाकललं त्यांचीच टोपी घालून तिकिटं विकतात. फाटकाचं चित्र पोस्टरवर हवं, पण फाटक उघडणारा म्हातारा स्टेजवर नको!

हो, माहीत आहे, सेर्तानेजू गाऊन मोठी झालेली पोरंही गरिबाघरचीच. गायक झेझे दि कामार्गोच्या बापाने शेतावर राबून मुलांच्या हाती वाद्यं दिली होती. गायिका मारिलिया मेन्डोन्सा २०२१ मध्ये विमान अपघातात गेली, अवघी सव्वीस वर्षांची, तेव्हा मीही रडले होते. आणि गाणं बदलणारच, तेही मान्य. बदलू दे. पण म्हाताऱ्याचा माईक का बंद करायचा?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. आता डोळ्यांसमोर येतोय तो गाडीतला परतीचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. आजोबा मागे बसलेले, व्हिओला मांडीवर, अंगावर जत्रेसाठी घातलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट. शेजारी माझा लेक, तो त्यांना 'वो' म्हणतो, इथल्या भाषेत आजोबांसाठी हाच लाडाचा शब्द. नकलेबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने लेकाला विचारलं, "माईकमधून खुळखुळा ऐकू आला का रे?"

"आला, वो," तो म्हणाला. त्याच वळवलेल्या जिभेच्या 'र'ने पुढे म्हणाला, "फाटकाचं राहिलं ना? घरी गेल्यावर म्हणा."

आत्ता भिंतीपलीकडे तेच चालू आहे. लेक तिकडेच आहे. मी आयोजकांना मेल लिहायला घेतलाय. माझं पोर्तुगीज अजून कच्चं आहे, तो आला की त्याच्याकडून तपासून घेईन आणि आजच पाठवीन.