मॅडम, मार्कं किती पडली?

तपासलेले पेपर हातात दिल्यावर पोरं काय करतात बघितलंय कधी? पहिल्या पानावरचा आकडा बघतात, शेजारच्याचा बघतात, घडी घालून पेपर सॅकमध्ये. रात्री अकरापर्यंत बसून आत मी लाल पेनानं जे काही लिहिलेलं असतं, ते सॅकच्या तळाशी डब्याच्या तेलात भिजत पडतं.

मी कोल्हापुरात बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवते, सोळा वर्षं झाली. त्यातली पहिली दहा वर्षं अंतर्गत गुणांच्या नावाखाली मी निव्वळ कारकुनी केली, हे आधीच कबूल करते. होम असाइनमेंट सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मागवायची. एकाची राजारामपुरीत झेरॉक्स निघायची, तिच्यावरून पंधरा जण उतरवायचे. मी कव्हर बघून २० पैकी १६, १७, अक्षर बरं असलं तर १८. गठ्ठा कपाटात. नॅकची, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हटलं की बाहेर.

मग एका कार्यशाळेत रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग कळला. इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. काम सुधारलं ते नुसता शेरा मिळालेल्यांचं. दोन्ही दिलेल्यांचं नाही! शाळेतलं कॉलेजात जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही, पण मला तो सॅकचा तळ आठवला.

तेव्हापासून असाइनमेंट पाचव्या आठवड्यात घेते. पहिल्या खेपेला आकडा नाही, फक्त शेरा. आठ दिवसांनी सुधारून आणायचं, मार्क त्यावर. पहिल्या वर्षी वर्गात नुसता गोंधळ. "मॅडम, मार्कं लिहायची राहिली काय?"

यंदाचा प्रश्न होता, गुळाचा भाव वाढला तर गुळाच्या मागणीचं काय होईल? ७२ पैकी निम्म्याहून जास्त जणांनी अख्खा मागणी वक्र (कुठल्या भावाला किती खपेल हे दाखवणारी रेघ) डावीकडे सरकवला. पूर्वी मी काट मारून 'चूक' लिहिलं असतं. आता एवढंच लिहिलं, "गुळाचा भाव तोच राहून साखर महागली असती, तर आकृती कशी काढली असतीस?" बऱ्याच जणांनी दोन आकृत्या काढून आणल्या. स्वतःचा भाव वाढला की त्याच वक्रावर वर सरकायचं, तो संकोच. पर्यायी वस्तू महागली की वक्रच उजवीकडे, ती वृद्धी. पाठ करून नव्हे, दोन चित्रं शेजारी ठेवून कळलं.

करवीर तालुक्यातल्या एकाचे वडील गुळव्या आहेत, चुलवणावर म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीवर काहिलीत, मोठ्या कढईत, गूळ करतात. त्याला म्हटलं, एवढ्या आधी असाइनमेंट घेते म्हणून रागावलायस का? तर म्हणाला, "न्हाई मॅडम. आमचे आबा काहील चुलवणावर असतानाच पाक पाण्यात टाकून गोळी वळून बघत्यात. काहील उतरल्यावर बघून काय उपेग?" माझ्या पीएच.डी.त एवढं नेमकं वाक्य नाही.

सहकारी विचारतात, एवढा वेळ कुणाला आहे? रास्त आहे. तासिका तत्त्वावरच्या मंडळींना तर शिकवल्या तासाचेच पैसे मिळतात, घरी बसून दोनदा गठ्ठा तपासा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी एक पळवाट काढलीय. ७२ जणांच्या चुका ७२ प्रकारच्या नसतात, फार तर पाच-सहा. त्या फळ्यावर नंबर घालून लिहिते, पेपरवर नुसता नंबर टाकते. आपला नंबर कुठला आणि का, हे शेजारच्याशी भांडून ठरवायचं. तो तास भलताच रंगतो. तरी दुसऱ्या खेपेचा गठ्ठा तपासताना मान धरतेच.

सेमिस्टरचा पेपर मात्र कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या केंद्रीय तपासणीला, जातो आणि परत येतो तो नुसता आकडा. तिथं माझं काही चालत नाही.

परवा एक मुलगी तेच उत्तर तिसऱ्यांदा लिहून घेऊन आली. म्हटलं, मार्क भरून झालेत, आता बदलणार नाहीत. "म्हाईत हाय मॅडम. आकृती तेवढी बघा."

बघितली. वक्र बरोबर होता, पण अक्षांची अदलाबदल, भाव आडव्या अक्षावर आणि नग उभ्या. चौथ्यांदा घेऊन यायला सांगितलंय.