नायट्रोजन ओतला म्हणजे रोध गेला?

बेळगाव-खानापूरकडच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अतिवाहकांबद्दल (पुरेसं थंड केलं की विजेला रोध न करणारे पदार्थ) एक मेसेज फिरतोय: 'उच्च तापमानाचा अतिवाहक ९२ केल्विनखाली नेला की रोध शून्य, चुंबकीय क्षेत्र कितीही असो. तरंगणारा चुंबक हाच पुरावा, अतिवाहक सगळं क्षेत्र बाहेर ढकलतो.' पोरं उद्या पेपरातही हेच लिहितील, म्हणून उत्तर देतोय.

आधी चुंबकाचं. थर्माकोलच्या वाटीत वायबीसीओची (यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचा अतिवाहक, ९२ केल्विनचा तो हाच) काळी चकती, वर द्रव नायट्रोजन, ७७ केल्विन. चुंबक जवळ धरूनच चकती थंड केली, तर मग तो तिरका केला की तिरकाच राहतो. चिमट्याने उचलला तर चकतीही खाली लटकत वर येते! नुसतं ढकलणं असतं तर हे झालंच नसतं. क्षेत्र आत शिरलेलं असतं, बारीक भोवऱ्यांच्या रूपात (क्षेत्राच्या बारीक नळ्या, भोवती वीज गरगर फिरत असते), आणि चकतीतल्या दोषांनी ते भोवरे अडकवून ठेवलेले असतात. असे भोवरे असणार हे भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्येच मांडलं होतं.

आता रोध. वीज वाहू लागली की ती भोवऱ्यांना ढकलते. ते सरकले की व्होल्टेज येतं, म्हणजेच रोध आला. म्हणून ९२ केल्विनखाली जाणं पुरत नाही, भोवरे गोठायला हवेत. आपल्या गुऱ्हाळात काहिलीतला पाक ओतला की पसरतो, ढेप झाली की जागची हलत नाही. तसंच इथे. स्वच्छ स्फटिकात भोवऱ्यांची नीट जाळी असते आणि ती बर्फासारखी एकदम वितळते. भौतिकशास्त्रज्ञ एली झेल्डोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये बिस्मथच्या अतिवाहकात हे मोजलं: वितळताना भोवऱ्यांची घनता एकदम वाढते, म्हणजे द्रव घनापेक्षा दाट, अगदी पाणी-बर्फासारखा. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. पुढच्याच वर्षी वायबीसीओमध्ये वितळण्याची सुप्त उष्णताही मोजली गेली. दोष जास्त असले तर जाळी नीट बसत नाही, भोवरे काचेसारखे वेडेवाकडेच गोठतात.

राहिलं 'कितीही क्षेत्र'. ७७ केल्विनला वायबीसीओ काही टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) सोसतो. बिस्मथवाल्यात थर एकमेकांना सैल धरून असतात, भोवरा म्हणजे जणू भाकऱ्यांची चवड, जरा धक्का लागला की सरकणारी. तिथे टेस्लाच्या लहानशा अंशातच सगळं वितळतं. वायबीसीओच्या जातीची अतिवाहक फीत बनवतानाही बेरियम झिरकोनेटचे काही नॅनोमीटरचे कण मुद्दाम मिसळतात, भोवरे त्यांना अडकून बसावेत म्हणून.