पहिल्या आंघोळीचा मान

आमच्या घरात पहाटे सहाला सगळे एकदम सभ्य होतात. "बाबा, तुम्ही आधी जा." "छे छे, तुला कॉलेज आहे, तू जा." एरवी शेंगाचटणीच्या वाटीवरून हमरीतुमरीवर येणारी हीच माणसं! गोम अशी, की पहिला जाईल त्याने नळाखाली बोटं धरून कुडकुडत उभं राहायचं आणि दुसऱ्याने मागून येऊन लगेच कढत पाणी घ्यायचं.

सोलर गच्चीवर, पार पुढच्या कोपऱ्यात. बाथरूम तळमजल्यावर, पार मागे. मधे चोवीस मीटर पाइप. रात्रभर टाकीतलं पाणी गरम राहतं, पाइपातलं मात्र गार पडतं. सोलापुरात कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्यांनी गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेच्या दिवसांत इथे उघड्या अंगाने उभं राहून दाखवावं.

बरं, ते गार पाणी सोडून द्यायची सोय नाही. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आई बाहेरून ओरडते, "बादली लावली का?" त्या बादलीतून तुळस, फरशी आणि शेजारच्यांची गाडी एवढं सगळं निघतं.

शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने पाइपावर टिचकी मारली. "पाऊण इंची हाय मालक. मीटरला पाव लिटर धरा." म्हणजे सहा लिटर गार पाणी बाहेर पडल्याशिवाय गरम पाण्याचं तोंड दिसणार नाही, वर पाइप तापायला लागेल ते वेगळंच. "अर्धा इंची असती तर निम्म्याच्या आत काम झालं असतं. एवढी जाड टाकायला कुणी सांगितलं हो?"

मी छताकडे बघितलं. बांधकामाच्या वेळी मीच छाती पुढे काढून म्हणालो होतो, "जाड टाका, फोर्स आला पाहिजे!"

भिंत फोडायची म्हटल्यावर बायकोने नुसतं नव्या रंगाकडे बोट दाखवलं. गार पाणी फिरवून परत टाकीत नेणारा पंप असतो, पण त्याला सहसा परतीची वेगळी पाइप लागते; म्हणजे पुन्हा भिंत. बाथरूममध्ये तीन लिटरचा छोटा गीझर बसवावा, तर मग सोलर काय पतंग अडकवायला घेतला?

राहिली फोमची काळी नळी. रविवारी अर्धा दिवस शिडीवर चढून उघड्या पाइपाला ती चढवली. सोमवारी पहाटे पाणी तसंच गार! रात्रभराच्या थंडीपुढे फोम किती टिकणार? फायदा एवढाच झाला, की पहिल्यानंतर कुणी अर्ध्या तासाने गेला तरी त्याला पाणी गरम मिळतं. म्हणजे खर्च माझा, शिडी माझी आणि सुख दुसऱ्या नंबरचं.

संक्रांतीला मेहुणे आले. मी हात जोडून म्हणालो, "पहिली आंघोळ पाहुण्यांची. मान असतो आमच्याकडे." भारावून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकत म्हणाले, "दाजी, आज मान घरच्या कर्त्या पुरुषाचा."